आधी आसन, मग चहा

आमच्या घराण्यात चहा सोडण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. सफल एकही झाला नाही. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर एक पुस्तक लिहायला घेतले आणि त्यात चहा, कॉफी, कोको यांची शरीराला काही गरज नाही, असे सांगून टाकले. पुढे ते पुस्तक आमच्या आजोबांच्या हाती पडले. त्यांनी आठ दिवस चहा बंद ठेवला. नवव्या दिवशी आजीने न बोलता कप पुढे ठेवला, आजोबांनी न बोलता तो घेतला, आणि संध्याकाळी ते पुस्तक ग्रंथालयात परत गेले!

योगासनांचे मात्र उलट. ती आमच्याकडे कुणी सोडली नाहीत, कारण नेटाने धरलीच नव्हती. खरे म्हणजे पुण्यात राहून आसनांपासून सुटका नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. अर्धपोटी दिवस काढून त्यांनी डेक्कनवर शिकवायला सुरुवात केली आणि पुढे जगाने त्यांच्या दाराशी रांग लावली. तेव्हापासून पुण्याच्या प्रत्येक आळीत एखादी तरी काकू सर्वांगासन करणारी असतेच. आमच्या वाट्याला आली ती माझी भाची. सात वर्षांची असल्यापासून ती आजीचा हात धरून वर्गाला जाई, आणि घरी आली की भिंतीला पाय लावून उलटी होऊन पाढे म्हणे.

हीच भाची मोठी झाली, संगणकाची इंजिनिअर झाली, हिंजवडीला एका कंपनीत आठ वर्षे राहिली, आणि एके दिवशी राजीनामा देऊन हिमाचल प्रदेशात, कांगडा जिल्ह्यातल्या पालमपूरजवळच्या एका खेड्यात जाऊन बसली. कशासाठी? तर पाहुण्यांना आसने शिकवायची आणि पुडे बांधून चहा विकायचा! म्हणजे आमच्या घराण्याला जे सोडता आले नाही आणि जे धरता आले नाही, त्या दोन्हींचा तिने धंदा मांडला.

भांडवलासाठी तिने आईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, चार लाखांची मुदत-ठेव मोडली होती. ताईचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. ठेव होती ती एवढीच. पैसे दरमहा थोडे थोडे परत येत. पण २०२३ च्या पावसाळ्यात दोन महिने काहीच आले नाही, आणि ताईच्या डोळ्याला डोळा लागेना. शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “तू तिची लाडकी मावशी. तुझं ती ऐकेल. तू जा, हिशेब बघ, आणि तिला घेऊन ये.”

मी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षे गणित शिकवले. हिशेब बघायचा म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना. आमचे हे म्हणाले, “जा. पण कृष्णशिष्टाईचं पुढे काय झालं होतं, तेवढं लक्षात ठेव.”

❋

पुण्याहून झेलम एक्सप्रेसने निघाले. दोन रात्री गाडीत काढल्या की तिसऱ्या दिवशी सकाळी पठाणकोट येते. तिथून जोगिंदरनगरपर्यंत १९२९ साली बांधलेला चिमुकल्या गाडीचा लोहमार्ग आहे, १६४ किलोमीटरांचा. त्या गाडीत बसण्याची माझी फार हौस होती. परंतु ऑगस्ट २०२२ च्या पुरात पठाणकोटजवळचा चक्की नदीवरचा रेल्वेपूल पडला होता. तेव्हा हौस गुंडाळून ठेवली आणि बस धरली. नूरपूर, शाहपूर, कांगडा, नगरोटा अशी गावे घेत बस चार तासांत वर चढते.

नगरोट्याच्या पुढे मी खिडकीतून सहज डावीकडे पाहिले आणि पाहतच राहिले. आपल्याकडे सह्याद्री टप्प्याटप्प्याने ओळख देतो. आधी टेकडी, मग डोंगर, मग कडा. धौलाधारचे तसे नाही. खाली गव्हाची हिरवी शेते, त्यांना लागून स्लेटच्या दगडी छपरांची घरे, आणि घरांच्या पाठीमागे, मध्ये कसलीही पायरी न ठेवता, साडेचार हजार मीटरांची बर्फाची भिंत! शेजारचा प्रवासी शांतपणे शेंगा सोलत होता. त्याला ते रोजचेच होते.

भाची बसथांब्यावर आली होती. उन्हाने रापली होती आणि थोडी वाळलीही होती. तिने माझी पिशवी घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “मावशी, आईनं तुला मला न्यायला पाठवलंय ना?”

मी म्हटले, “आधी चहा दे, मग सांगते.”

तिने दिला. काचेच्या पेल्यात फिकट सोनेरी पाणी. दूध नाही, साखर नाही, आले नाही! आम्ही पुणेकर अमृततुल्यवर वाढलेली माणसे. पितळी पातेल्यात दूध-पाणी-साखर एकत्र उकळते, त्यात आले-वेलदोडा कुटून पडतो, त्याला आम्ही चहा म्हणतो. मी एक घोट घेतला आणि तोंडावर भाव येऊ दिला नाही. तीस वर्षे वर्गावर काढल्यावर एवढे साधते. दुसऱ्या घोटाला काहीतरी फुलासारखे लागले. तिसऱ्याला जिभेवर जरा तुरट गोडवा राहिला. पेला संपला तेव्हा मला आणखी हवा होता, पण ते मी सांगितले नाही.

❋

तिचे घर म्हणजे भाड्याने घेतलेले एक जुने पहाडी घर. मातीच्या भिंती, स्लेटचे छप्पर, शेणाने सारवलेले अंगण. वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या चार खोल्या, खाली आसनांची मोठी खोली. तिथे घोंगड्या, पट्टे, लाकडी ठोकळे आणि लोखंडी खुर्च्या ओळीने मांडलेल्या. मागच्या बाजूला घरमालकीण राहते. तिला सगळे अम्माजी म्हणतात. घराच्या पाठीमागे अम्माजींचा चहाचा मळा आहे, जेमतेम काही कनालांचा. इथे जमीन कनालात मोजतात. 

मी विचारले, “घर विकत का नाही घेतलंस?”

“घेताच येत नाही, मावशी.”

मग तिने मला कायदा समजावून सांगितला. हिमाचल प्रदेशाच्या १९७२ च्या कूळ व जमीन-सुधारणा कायद्यात ११८ वे कलम आहे. जो तिथला शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. चहाच्या मळ्यांचे तर त्याहून कडक. कमाल जमीन धारणेच्या कायद्यातून ते वगळलेले आहेत, पण त्या अटीवर की तिथे चहाच राहिला पाहिजे. मळा मोडून हॉटेल बांधतो म्हटले तर सहजासहजी जमत नाही. ऐकून मला बरे वाटले. ताईचे चार लाख जमिनीत अडकलेले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, त्या हिरव्या उतारांवर हॉटेले नव्हती हेही बरे वाटले.

पहाटे साडेपाचला घंटा झाली. मी उठून सवयीने स्वयंपाकघराकडे वळले, तर दारावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाटी: “आधी आसन, मग चहा.” आता आसने रिकाम्या पोटी करावीत हे मलाही ठाऊक आहे, पण चाळीस वर्षे पहाटे चहा घेणाऱ्या बाईने एकदम काय करावे? मी हळूच मागल्या दाराने अम्माजींच्या चुलीपाशी गेले. त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी स्टीलचा पेला पुढे केला. दुधाचा, साखरेचा, उकळून उकळून लाल झालेला. अगदी घरचा!

“हा तुमच्या मळ्यातला?” मी हिंदीत विचारले.

अम्माजी हसल्या. “नाही हो. हा आसामचा. दुकानातून आणते. आमच्या पत्तीला दूध सोसत नाही.”

त्या एका वाक्यात कांगड्याच्या चहाची निम्मी कथा आली. उरलेली निम्मी भाचीने त्या दिवशी मळ्यातून हिंडताना सांगितली.

❋

डॉक्टर जेम्सन नावाचा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १८४९ साली या खोऱ्यात चहाची रोपे घेऊन आला. अल्मोडा आणि डेहराडूनच्या रोपवाटिकांतली, चिनी जातीची, बारीक पानांची. रोपे इथल्या आंबट मातीला, पावसाला आणि थंडीला मानवली. पाहता पाहता उतारच्या उतार मळ्यांनी भरले. इथला हिरवा चहा अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत काबूलच्या बाजारात जाई. मग ४ एप्रिल १९०५ ची पहाट उजाडली. भूकंपाने कांगडा खोरे उद्ध्वस्त केले. सुमारे वीस हजार माणसे गेली, कारखाने आणि बंगले कोसळले. इंग्रज मळेवाल्यांनी मिळेल त्या किमतीला मळे विकले आणि ते निघून गेले. मळे आले स्थानिक लोकांच्या हातात, तुकड्या-तुकड्यांनी. अम्माजींच्या सासऱ्यांच्या आजोबांनी घेतलेला तुकडा हाच.

पुढे आणखी एक गोष्ट झाली. १९३० च्या सुमारास आसामात पाने चिरडून, फाडून, त्यांचे गोळे वळणारे यंत्र निघाले. आपण घरी आणतो ती दाणेदार पूड त्या यंत्राची. ती चटकन रंग देते, दुधाला दाद देत नाही, आणि थोडक्यात पुष्कळ कप होतात. साऱ्या देशाला तीच पूड आवडली. कांगड्याचे नाजूक पान त्या शर्यतीत मागे पडले. खुद्द कांगड्यातल्या चुलींवरसुद्धा आसामचीच पूड उकळू लागली! २००५ साली ‘कांगडा चहा’ला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ मध्ये युरोपीय संघानेही ते नाव मान्य केले, पण मानांकनाने पाने खुडली जात नाहीत. त्याला हात लागतात. आणि तरुण हात चंदीगडला, दिल्लीला निघून गेलेले.

वाटेत एक ओसाड मळा लागला. मी तो आधी ओळखलाच नाही. कमरेएवढ्या छाटलेल्या झुडपांऐवजी पुरुषभर, कुठे दीड पुरुष उंच वाढलेली बोडकी झाडे, पाने सगळी शेंड्याला.

“हा पण चहाच,” भाची म्हणाली. “मालक परदेशात. छाटणी झाली नाही की चहाचं झाड होतं. मग खुडायला हात पोचत नाही.”

अम्माजींच्या मळ्यात खुडणी चालली होती. एप्रिलचा पहिला बहर. आपल्याकडे डाळिंबाचा मृग बहर, आंबे बहर असतो, तसा चहाचाही बहर असतो, आणि थंडीत झोपलेल्या झुडपाचा हा पहिला फुटवा सर्वांत सुगंधी. मी पदर खोचून मदतीला लागले. दोन पाने आणि एक कळी, एवढेच खुडायचे. मी चांगली मोठाली चार-चार पाने तोडून टोपलीत टाकली, तेव्हा शेजारच्या बाईने ती उचलून मला परत दिली आणि म्हणाली, “बहनजी, ही बकरीला.” अर्ध्या तासात माझ्या वाट्याची जेमतेम दोन मुठी पाने झाली. गणिताची शिक्षिका मी. मनात हिशेब चालू होता. साडेचार किलो हिरवी पाने, तेव्हा कुठे किलोभर चहा! खुडलेली पाने रात्रभर पसरून मलूल होऊ द्यायची, मग वळायची, मग हवेवर रंग चढू द्यायचा, मग गरम हवेत वाळवायची. रंग चढूच दिला नाही तर तो हिरवा चहा, चढू दिला तर काळा. पान तेच. हे सारे जवळच्या कारखान्यात होते. भाची तीन लहान मळेवाल्यांची पाने घेते, तयार झालेली पत्ती स्वतः चाखून निवडते, आणि घरी पुडे बांधते.

“चाखून म्हणजे?”

“दिवसाला तीस-तीस पेले, मावशी. घोट घ्यायचा, थुंकायचा, वहीत लिहायचं.”

तिने हे ज्या स्वरात सांगितले तो स्वर मला ओळखीचा वाटला. पण तेव्हा मी काही बोलले नाही.

❋

मध्ये एक दिवस तिने मला धर्मशाळेला नेले. वर धरमकोटच्या गल्ल्यांत भिंत दिसली की योगाची जाहिरात. दोनशे तासांत शिक्षक व्हा, अठ्ठावीस दिवसांत प्रमाणपत्र घ्या! मी म्हटले, “आम्हांला बी. एड. ला वर्ष लागलं.” भाची म्हणाली, “मला अजून वर्गात भीती वाटते, मावशी. कुणाची मान चुकीची वळली तर?” मला ते उत्तर आवडले.

दलाई लामा १९६० पासून या गावी आहेत, त्यामुळे खाली तिबेटी भिक्षूंची वस्ती मोठी. एका मठात प्रार्थना चालली होती. शंभर-सव्वाशे भिक्षू मांडी घालून ताठ बसलेले, आणि दोन बाल-भिक्षू भल्यामोठ्या किटल्या घेऊन ओळीतून पळत प्रत्येकाच्या वाडग्यात लोण्या-मिठाचा चहा ओतत होते. प्रार्थना न थांबता! आमच्यासमोरही वाडगे आले. चव मला झेपली नाही, दृश्य मात्र फार आवडले.

भाची कुजबुजली, “बघ, बैठक आणि चहा यांचं जुनं शेजार आहे. मी काही नवीन जोडलं नाही.”

ती म्हणते ते खोटे नाही. दक्षिण हिंदुस्थानातून चीनला गेलेल्या बोधिधर्माची दंतकथा आहे. ध्यानात झोप आली म्हणून त्याने रागाने आपल्या पापण्या कापून फेकल्या आणि त्या जिथे पडल्या तिथे चहाचे झाड उगवले. दंतकथा सोडा, पण एईसाई नावाचा जपानी भिक्षू ११९१ साली चीनहून परतताना चहाचे बी घेऊन आला, आणि १२११ साली त्याने चहाचे आरोग्यगुण सांगणारा ग्रंथच लिहिला, हा इतिहास आहे. जागे राहून स्थिर बसायचे, तर चहासारखा सोबती नाही. आमच्या आजीला हे ग्रंथावाचून कळले होते.

❋

९ एप्रिलला गुढीपाडवा आला. परमुलखात सणाची हुरहूर जास्त. वेळूची काठी मिळाली, माझी एक रेशमी साडी कामी आली, अम्माजींनी तांब्याचा लोटा दिला. कडुलिंब मात्र मिळेना. अम्माजींना विचारले तर त्यांनी अंगणापलीकडून द्रेकची फांदी आणून दिली. पाहते तो आपला बकाणा निंब! साखरेच्या गाठींऐवजी बाजारातले बत्तासे ओवले. स्लेटच्या छपराला टेकून गुढी उभी राहिली, पाठीमागे धौलाधारचे बर्फ. दिल्लीचे एक जोडपे, बंगळूरच्या दोन मुली आणि एक फ्रेंच आजीबाई अशा पाहुण्यांनी हात जोडले. श्रीखंड सगळ्यांनी दोनदा घेतले.

त्या रात्री मी वह्या मागितल्या. भाचीने मुकाट्याने आणून दिल्या.

हिशेब चोख होता. शंभर रुपये आले तर सत्तर खोल्यांचे आणि आसनांचे, तीस चहाचे. पण सत्तर येतात ते वर्षातल्या सहा-सात महिन्यांत. तीस मात्र टपालाने बारमाही येतात. २०२३ च्या जुलै-ऑगस्टात हिमाचलात अतिवृष्टी झाली, डोंगर खचले, रस्ते तुटले, ठरलेले सगळे पाहुणे रद्द झाले. त्या दोन महिन्यांत घरभाडे आणि मदतनीस मुलीचा पगार निघाला तो पुण्या-मुंबईला गेलेल्या चहाच्या पुड्यांवर. ताईचा हप्ता तेवढा राहिला, आणि तो पुढे नोव्हेंबरात दोन भागांत भरलेला होता. ताईच्या चार लाखांतले एक लाख साठ हजार फिटले होते. अजून दोन लाख चाळीस हजार बाकी. याच चालीने दोन वर्षे लागतील, पुन्हा तसा पाऊस आला नाही तर.

मी वही मिटली. गणितात दोष नव्हता. माझी शंका गणिताची नव्हतीच.

“बाळ,” मी म्हटले, “तुला माझी फराळाची गोष्ट ठाऊक आहे?”

ठाऊक नसणार. ती लहान होती. मला चकल्या करायचा नाद होता. भाजणीचा खमंग वास सुटला की माझे मन प्रसन्न होई. शेजारच्या बाईंनी एका दिवाळीला दोन किलो मागितल्या. पुढल्या वर्षी दहा घरांनी मागितल्या. पाचव्या वर्षी मी शाळा सांभाळून ऐंशी किलो चकल्या केल्या. आमच्या गॅलरीत डबे मावेनात. पैसे आले, त्यांतून शिलाई-यंत्र आले. आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला ताटात चकली पाहून मला मळमळले. पुढल्या वर्षी मी सगळ्यांना नाही म्हणून सांगितले. आणि चकली मी पुन्हा केलीच नाही. वीस वर्षांवर झाली. दिवाळीत आमच्या घरी चकली येते ती दुकानातून.

“तुझे तीस पेले ऐकले,” मी म्हटले, “तेव्हा मला ते डबे आठवले. तुझे पैसे बुडतील याची भीती तुझ्या आईला. तुझी आवड बुडेल याची मला.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बुडाली होती, मावशी.”

दुसऱ्या वर्षी तिची स्वतःची आसने सुटली होती. दिवसात तीन वर्ग, सगळ्यांच्या पाठी सरळ करायच्या, आणि तिची स्वतःची पाठ दुखायला लागली, हिंजवडीला दुखायची तशीच. चहा तर वहीतल्या आकड्यांपुरता उरला. एके सकाळी वर्गात एका बाईंनी विचारले, “तुम्ही स्वतः कधी करता?” तिला उत्तर देता आले नाही. त्या हिवाळ्यात तिने ठरवले होते की आता परत जायचे. पेट्याही भरल्या होत्या.

“मग?”

“मग अम्माजी छाटणीला लागल्या. मी विचारलं, चांगलं हिरवं झुडूप कशाला कापता? तर म्हणाल्या, सगळं खुडत राहिलं तर झुडूप मरतं, आणि काहीच खुडलं नाही तर त्याचं झाड होतं, कामाला येत नाही. थंडीत दोन-तीन महिने त्याचं त्याला राहू द्यायचं.”

तेव्हापासून तिने तीन नियम केले. डिसेंबर ते फेब्रुवारी पाहुणे बंद. पहाटे साडेचार ते साडेपाच तिची स्वतःची आसने. त्या तासात दार लावलेले असते, कितीही पैसे दिले तरी कुणाला प्रवेश नाही. आणि पहिल्या बहरातला सगळ्यांत चांगला एक किलो चहा विकायचा नाही. तो तिचा. “त्याची किंमत मी वहीत लिहिलीये बघ, खर्चाच्या बाजूला.”

मी वही पुन्हा उघडली. खरेच होते. मी तो आकडा आधी पाहिला होता आणि चूक समजून बाजूला खूण केली होती.

मग ती हसली आणि म्हणाली, “मावशी, मला तुझ्या चकल्या आठवतात. मोडलेल्या तू आम्हां मुलांना द्यायचीस. अख्ख्या डब्यात जायच्या. तू स्वतः कधी एक अख्खी खाल्लीस का गं?”

मी आठवून पाहिले. ऐंशी किलोंत एकही नाही.

❋

परतीच्या आधी आम्ही बैजनाथला जाऊन आलो. १२०४ सालचे शिवमंदिर, दगडाचे, अजून पुजेतले. रावणाने इथे शिवाची आराधना केली अशी श्रद्धा असल्यामुळे गावात दसऱ्याला रावण जाळत नाहीत. जो तो आपापल्या भक्ताचा मान राखतो, हे पाहून गंमत वाटली. देवळाच्या पायरीवर बसून भाचीने थर्मासमधला चहा ओतला, त्या न विकलेल्या किलोतला. मी काही बोलले नाही, पण या खेपेला पेला पुन्हा पुढे केला.

बसथांब्यावर तिने विचारले, “आईला काय सांगशील?”

“हिशेब सांगेन,” मी म्हटले. “बाकी दोन लाख चाळीस हजार. पाऊस आपल्या हातात नाही. बाकीचं ठीक आहे.”

पुण्याला आले तेव्हा ताई आमच्याच घरी येऊन बसली होती. माझ्या मागे कुणी उतरत नाही हे पाहून तिचा चेहरा पडला. मी तिला आकडे दाखवले. ते तिने चष्मा लावून दोनदा वाचले. मग मी दूध न घालता चहा केला. ताईने एक घोट घेऊन तोंड वाकडे केले आणि म्हणाली, “हे एवढ्या किमतीला लोक घेतात?” दुसऱ्या दिवशी मात्र तिने विचारले, “त्यातला थोडा उरला आहे का गं?” ती अजून पूर्ण निर्धास्त झालेली नाही. पाऊस लागला की तिचा फोन रोज हिमाचलात जातो. पण परत ये, असे आता ती म्हणत नाही.

आणि मी? यंदा दसरा झाल्यावर भाजणी दळून आणली. आमचे हे काही बोलले नाहीत, नुसते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सोऱ्या वीस वर्षांत गंजला होता. नवा आणावा लागला. पहिल्या घाण्याची चकली काढली, निथळू दिली, आणि कुणालाही न विचारता, उभ्या उभ्या, अख्खी खाल्ली. तिखट जरा कमी पडले होते. शेजारच्या नव्या सूनबाई वास घेत आल्या आणि म्हणाल्या, “काकू, ऑर्डर घेता का?”

मी म्हटले, “घेते. दोन किलो. त्याहून जास्त नाही.”